समोर आल्याशिवाय शिक्का नाही

१

"शाळेतसुद्धा हजेरी एकदाच घेतात हो! इथं दारात नाव सांगा, खुर्चीत बसलं की परत सांगा, आणि कागद पुढं सरकवला की पुन्हा आहेच, 'कोण म्हणालात आपण?' अहो, या माणसानं जन्मभर माझ्या भट्टीतला पाव खाल्लाय!"

हे सगळं वकीलबाईंच्या थेट उजव्या कानात चाललं होतं. नोटरीकाकांचा जिना इतका अरुंद, की मागच्या पायरीवरचा माणूस कुरकुरला की ते पुढच्याला आपल्याच मनातलं वाटावं. मागे होता बेकरीवाला. पोट पुढं, हातात कागदांची सुरळी, आणि अंगाला भाजलेल्या मैद्याचा वास.

"म्हातारपण आहे, विसरत असतील," वकीलबाई म्हणाल्या.

"विसरतात कसले! माझ्या आजोबांची उधारी त्यांच्या अजून लक्षात आहे."

वकीलबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. आज त्यांना काकांची मर्जी हवी होती. चाळिशी गाठली तरी त्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्यानंच वकिली करत होत्या. बसायला जागा नाही, पाटी लावायला भिंत नाही. आता त्यांनी नोटरी व्हायचं मनावर घेतलं होतं. मावशीनं तर आपल्या शिवणाच्या दुकानातला अर्धा भाग आधीच मोकळा करून ठेवला होता. एका बाजूला मावशीचं मशीन, दुसऱ्या बाजूला भाचीचं टेबल. अडकलं होतं ते एका शिफारशीवर. अर्जाला ज्येष्ठ नोटरीची शिफारस लागते, आणि गावात ज्याच्या शिफारशीला वजन आहे असा नोटरी एकच.

बाकीचे काय होते, ते वकीलबाई रोज बघत होत्या. कोर्टासमोरच्या रस्त्यावर भाजीवर पाणी शिंपडावं तसे शिक्के मारले जायचे. सही करणारा परदेशात असो की स्मशानात, शिक्का तयार. "सगळेच करतात हो," हे वरून. हे वाक्य ऐकलं की वकीलबाईंच्या कानशिलापासून टाचेपर्यंत आग व्हायची. नोटरीकाका मात्र तसले नव्हते. त्यांनी स्वतःच्या व्याह्यालाही एकदा जिन्यावरून परत पाठवलं होतं, कारण त्याची बायको सही घरूनच करून आली होती.

दाराशी पाटी होती: 'आत येताना आपले नाव मोठ्याने सांगावे.' वकीलबाईंनी सांगितलं.

"या, या, उमेदवार!" काका खिडकीकडे पाठ करून ताठ बसले होते. जाड काळ्या फ्रेमचा नवा चष्मा, इस्त्रीचा सदरा, टेबलावर शिक्क्याचं लोखंडी दाबयंत्र. शेजारच्या स्टुलावर सूनबाई. ऑफिसचा सगळा कारभार तिच्याच हातात. कोपऱ्यात टायपिस्ट खडखडत होता. "सांगा बघू, नोटरी काय करतो?"

"कागद खरा असल्याची खात्री..."

"चूक! कागदात लिहिलेलं खरं की खोटं, त्याच्याशी नोटरीचा काडीचाही संबंध नाही. नोटरी एवढंच म्हणतो, हा माणूस माझ्यासमोर आला, यानं माझ्यासमोर सही केली, मी पाहिलं. बस. बाकी नियम आहेतच. आपल्या नातलगाचं काम करायचं नाही. कोऱ्या जागा सोडलेल्या कागदाला हात लावायचा नाही. सही करणाऱ्याला कागद समजलाय का, ते विचारायचं. शिक्का कुणाच्या हातात द्यायचा नाही, अगदी देवाच्यासुद्धा. पण पहिला नियम कुठला?"

"समोर आल्याशिवाय शिक्का नाही."

"शाब्बास. आणा तो अर्ज."

सूनबाईनं अर्ज त्यांच्या हातात दिला. काकांनी तो नाकासमोर धरला, खालीवर केला आणि मान डोलावली. "फोटो छान आलाय हो. चेहऱ्यावर नोटरीपण आहे."

वकीलबाई ओशाळल्या. फोटो चिकटवायचा राहूनच गेला होता. ती चौकट रिकामी होती. काकांचा टोमणा मात्र बिनतोड. "उद्या लावून आणते, काका," त्या पुटपुटल्या.

मागे राहिलेला एक कागद सहीसाठी आला. सूनबाईनं लाकडी पट्टी ओळीखाली धरली आणि काकांनी पट्टीला टेकवून सही ओढली. मग दाबयंत्र दाबलं आणि उठलेल्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला, अगदी हळू, बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा. किती जपून काम करतात, असं वकीलबाईंच्या मनात आलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मावशी होती. मावशी कधी घाबरत नसे, आज मात्र तिचा आवाज कापत होता.

"चिमणे, आधी घरी ये. कुणीतरी टेप घेऊन आलेत. माझं घर मोजतायत."

२

दोन पोरगेलेसे गवंडी शिवणयंत्र भिंतीशी ढकलून खोलीची रुंदी मोजत होते. मावशी दारात उभी. उजवा हात कोपरापासून बोटांच्या पेरापर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या हातात मोठी कात्री.

"कात्री खाली ठेव गं," वकीलबाई म्हणाल्या.

"का? मापं घेणं हा माझा धंदा आहे. माझ्याच घराची मापं घेणारे हे कोण?"

उत्तर द्यायला धापा टाकत आला तो जिन्यावरचाच बेकरीवाला. मावशीला बघून त्यानं तोंडच वासलं. "तुम्ही अजून इथंच? तुमचा पुतण्या म्हणाला, तुम्ही लेकीकडं राहायला गेलात."

"मला लेक नाही," मावशी म्हणाली. "एक भाची आहे, ती ही उभी आहे. आणि पुतण्या म्हणजे माझ्या दिराचा तो चष्मेवाला ना? मेला वर्षभर फिरकला नाही इकडं."

बेकरीवाल्यानं सुरळी उलगडली. मुखत्यारपत्र होतं. घर विकायचा सगळा अधिकार मावशीनं पुतण्याला दिलेला. खाली मावशीची सही. ओळख पटवणारी म्हणून सूनबाईची सही. आणि त्याखाली, कागदातून वर उठून आलेला, नोटरीकाकांचा शिक्का.

"हा शिक्का बघूनच मी विसार दिला," बेकरीवाला म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा असता तर हातही लावला नसता. परवा खरेदीखत व्हायचंय. मी काही चोर नाही, बाई."

"सही माझ्यासारखीच आहे," मावशी कागदाकडं बघत म्हणाली. "पण मी केलेली नाही. मी त्या जिन्याची पायरीसुद्धा चढले नाही."

वकीलबाईंनी कागदावरची तारीख पाहिली आणि त्यांच्या डोक्यातून सणकन कळ गेली. त्याच्या आदल्या दिवशी मावशी मोरीत घसरून पडली होती. तिला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं, आणि तो पांढरा ओला गोळा सुकेपर्यंत तिच्या शेजारी त्याच बसल्या होत्या. मावशी सही करते ती उजव्या हातानं. डाव्या हातानं तिला धड चमचाही धरता येत नाही.

म्हणजे ज्या दिवशी नोटरीकाका म्हणतात 'हिनं माझ्यासमोर सही केली, मी पाहिलं', त्या दिवशी हिच्या हातात सुई धरायची ताकद नव्हती.

"मग काका खोटं बोलले?" मावशीनं विचारलं. हळूच विचारलं, कारण तिलाही ते पटत नव्हतं.

वकीलबाईंनी पुन्हा चप्पल पायात सरकवली. "तेच विचारायला चाललेय."

३

"आली होती!" काकांनी टेबलावर थाप मारली. "इथं, या खुर्चीत बसली होती. मी काय लहान मूल आहे?"

"मावशीच होती?"

"अहो, ती माझ्या शाळेत होती. माझ्या लेकाचे सगळे सदरे तिनं शिवलेत. तिला मी ओळखणार नाही? घसा बसला होता म्हणून बोलली नाही बिचारी. खोकत होती. टायपिस्टनं कागद मोठ्यानं वाचला. मी विचारलं, समजलं का? तिनं मान हलवली. होय ना, सूनबाई?"

"हो मामंजी," सूनबाई म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती.

"आणि मशीनच्या तेलाचा वास. आयुष्यभर तिच्या अंगाला तो वास आहे. खोलीत दरवळला होता."

वकीलबाई थबकल्या. प्लास्टर आदल्याच दिवशी घातलं होतं, आणि एका दिवसात तो वास जात नाही. पण दवाखान्यात परिचारिकेनं मावशीला कोपरापासून मानेपर्यंत साबणानं घासून काढलं होतं आणि ती स्पिरिटच्या वासानं घमघमत घरी आली होती. मशीनला तर त्या दिवशी तिचा हातही लागला नव्हता.

"तिनं काय घातलं होतं, काका?"

काकांचा चेहरा एकदम कडक झाला. "बायकांच्या कपड्यांकडं टक लावून बघायची माझी रीत नाही!"

"आणि हात? उजव्या हाताला काही..."

"वकीलबाई," सूनबाई मध्येच उठली. तिचा आवाज गोड होता, पण लिंबू पिळलेल्या दुधासारखा. "तुम्हाला मामंजींची शिफारस हवीय ना? आणि तुम्ही त्यांची उलटतपासणी घेताय?"

 टायपिस्टची खडखड थांबली. वकीलबाईंचा अर्ज टेबलावरच पडला होता, फोटोची चौकट अजून रिकामीच.

त्या वळून टायपिस्टजवळ गेल्या. हा गडी बोलघेवडा. कुणाचंही काही पोटात ठेवत नसे. आज मात्र त्यानं यंत्रात कागद घातला, काढला, पुन्हा घातला.

"तू होतास ना तेव्हा?"

"वाचून दाखवण्यापुरता. खांद्यावर शाल घेतलेल्या बाई होत्या, चेहरा उघडाच. मी तुमच्या मावशींना ओळखत नाही. मग सूनबाईंनी मला चहा सांगायला खाली पाठवलं. परत आलो तर सही झालेली." आणि खालच्या आवाजात, "वकीलबाई, मला विचारू नका. हे ऑफिस बंद पडलं तर मला या वयात कोण ठेवून घेणार? आजकाल टाइप कोण करून घेतं?"

"ऑफिस का बंद पडेल?"

टायपिस्टनं यंत्रात पुन्हा कागद घातला आणि खडखड सुरू केली.

काकांनी थकून चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा टेबलाच्या काठावर ठेवायला गेले, तो खाली पडला. वकीलबाईंनी वाकून उचलला. पुसून देताना सवयीनं काचेतून समोरच्या पाटीकडं पाहिलं. एवढी जाड फ्रेम, पण अक्षरं जशीच्या तशी. लहान नाहीत, मोठी नाहीत, धूसर नाहीत. त्यांनी चष्मा काकांच्या हातात दिला आणि त्या पुन्हा टायपिस्टजवळच्या कपाटाशी गेल्या.

आणि त्याच वेळी दारात चष्मेवाला येऊन उभा राहिला. मावशीचा पुतण्या. गुळगुळीत दाढी, सदऱ्याच्या खिशात नाजूक पेचकस. वकीलबाई कपाटाच्या आडोशाला होत्या, त्या त्याला दिसल्या नाहीत. त्यानं नाव सांगितलं नाही. त्यानं सूनबाईकडं रोखून पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट गळ्यावरून आडवं फिरवलं.

सूनबाई पांढरी फटक पडली. चष्मेवाला आला तसा पाय न वाजवता निघून गेला.

काका दाराकडंच तोंड करून बसले होते. सगळं त्यांच्या नाकासमोर झालं होतं.

"हं, सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "पुढच्याला बोलव."

४

चष्म्याचं दुकान आरशांनी भरलेलं होतं. वकीलबाईंना आपलाच संताप चहूबाजूंनी आपल्याकडं बघताना दिसत होता.

"काकूनं स्वखुशीनं दिलंय," चष्मेवाला म्हणाला. एका फ्रेमच्या काडीत तो तेलाचा थेंब सोडत होता. "आता पस्तावली असेल. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. आणि एवढ्या मोठ्या नोटरीसमोर झालंय. काकांना खोटारडे म्हणणार का तुम्ही? म्हणा की. मग बघू तुमच्या अर्जाचं काय होतं ते."

"तिच्या हाताला प्लास्टर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याचा हात जागीच थांबला. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. वर्षभर न फिरकलेल्या पुतण्याला काकूचा हात मोडलेला कुठून कळणार?

"प्लास्टर नंतर घातलं असेल," तो सावरून म्हणाला. "नोटरीनं पाहिलंय म्हटल्यावर पाहिलंय. तुम्हीच नियम शिकताय ना? शिक्क्यापुढं कुणाचं चालत नाही."

गल्ल्यावर त्याची सासू बसली होती. जाडजूड शाल पांघरलेली, मावशीच्याच वयाची, मावशीच्याच अंगलटीची. ती या वेळी खोकली. कोरडा, ओढून आणलेला खोकला. जावयानं तिच्याकडं असं काही पाहिलं की खोकला तिथंच विरला.

"घसा बसलाय वाटतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"छे, ठणठणीत आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि आवाज खरंच घंटेसारखा खणखणीत होता.

वकीलबाईंनी तेलाची बाटली उचलून वास घेतला. लहानपणापासून त्या हाच वास घेत झोपल्या होत्या. शिवणयंत्राला घालतात तेच तेल.

"ही कशाला?"

"काड्यांच्या स्क्रूंना. का, गुन्हा आहे?"

"काकांचा नवा चष्मा तुमच्याकडचाच ना?"

चष्मेवाल्यानं बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. आरशांमधल्या सगळ्या चष्मेवाल्यांनी एकाच वेळी दाराकडं बोट केलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी डाव्या हातानं चहा गाळत होती. निम्मा कपात, निम्मा ओट्यावर. वकीलबाईंनी तिला बाजूला सारलं नाही. मावशीला ते आवडलं नसतं.

"कोण होतं ते कळलं मला," वकीलबाई म्हणाल्या. "कसं जमलं, तेही कळलं. तुझ्या सहीचा नमुना त्याच्याकडं होताच. तू मागं त्याच्याकडून चष्मा केलास, तेव्हा पावतीवर सही केली होतीस."

"मग सांग की सगळ्यांना."

"सांगायचं म्हणजे एक गोष्ट बोलावी लागेल. ती बोलले की काका संपले. ते ऑफिस, तो टायपिस्ट, सगळंच संपलं."

मावशी खाली बसली. "चिमणे, मी काकांना शाळेपासून ओळखते. त्यांनी पाहिलं म्हणजे पाहिलं. मग त्यांनी माझा हात कसा पाहिला नाही?"

वकीलबाईंनी तिच्याकडं बघितलं. मावशीचे डोळे चहावर. म्हणजे तिलाही कळलं होतं. आणि तीही ते बोलत नव्हती.

"मला राग कशाचा येतो सांगू?" वकीलबाईंनी कप आपटला. "चोरानं चोरी केली, त्याचा येतोच. पण त्याला दार उघडून दिलं या चांगल्या माणसांनी. सूनबाई चांगली, टायपिस्ट चांगला, काका तर सोनंच. सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. आणि या सांभाळून घेण्याचं बिल फाटलं कुणाच्या नावावर? तुझ्या! कोर्टासमोरच्या त्या शिक्केवाल्यांना निदान लाज तरी वाटत नाही. यांना लाज वाटत होती आणि तरी त्यांनी शिक्के पडत राहू दिले!"

"आणि तुझा अर्ज?"

वकीलबाईंनी मागं वळून बघितलं. मोकळ्या केलेल्या अर्ध्या खोलीत टेबलाच्या पायांसाठी मावशीनं खडूनं खुणा करून ठेवल्या होत्या. गवंड्यांच्या चपलांनी त्या पुसट झाल्या होत्या.

"चप्पल घाल," त्या शेवटी म्हणाल्या. "बेकरीवाल्याला मी काकांच्या ऑफिसातच बोलावलंय, तुझ्या पुतण्याला घेऊन. उद्या तो खरेदीखत करणार. त्याला आज काकांच्याच तोंडून ऐकू दे."

"तो जिना मला झेपेल का गं?"

"सावकाश चढू."

६

खोलीत सगळे आले होते. बेकरीवाला आणि चष्मेवाला दोघांनीही दारात नाव सांगितलं होतं. चष्मेवाला तर मुद्दाम मोठ्यानं. सूनबाई स्टुलावर. टायपिस्टचे हात मांडीवर. वकीलबाईंनी स्वतःचं नाव सांगितलं. त्यांच्यामागून मावशी आत आली, जिन्यानं दम लागलेला, एक शब्दही फुटत नव्हता, आणि मशीन बंद असल्यानं अंगाला तेलाऐवजी मलमाचा वास. ती टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"काका," बेकरीवाला म्हणाला, "मला एकच सांगा. बाई आल्या होत्या की नाही?"

"आली होती. पाहिलंय मी."

"आली होती, कुणीतरी," वकीलबाई म्हणाल्या. "काका, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे कोडं सुटेना. मावशीचा सहीचा हात आदल्या दिवसापासून प्लास्टरमध्ये होता. म्हणजे सही तिनं केली नाही. आलेली बाई दुसरी होती. ती बोलली नाही, कारण मावशीचा आवाज तुम्ही ओळखता. तिच्या शालीला मशीनचं तेल लावलं होतं, कारण मावशीचा तो वास तुम्ही ओळखता. पण नीट विचार करा. फसवायला येणारा माणूस आधी चेहरा झाकतो, नाहीतर तोंडवळा मिळताजुळता शोधतो. यांनी चेहऱ्याची काळजीच केली नाही. केली ती फक्त आवाजाची आणि वासाची. का?"

त्यांनी चष्मेवाल्याकडं बोट केलं.

"या खोलीबद्दल त्यांना एक गोष्ट ठाऊक होती म्हणून. ती ठाऊक असणारी माणसं तीन. दोघं या ऑफिसातली. तिसरा तो, ज्यानं तुमचा चष्मा बनवला. त्या काचांना नंबर नाही, काका. खिडकीची काच आहे ती."

"काहीही!" चष्मेवाला ओरडला. "माझी बदनामी..."

"काल तुम्ही या दारात उभे राहून सूनबाईला गप्प बसायची खूण केलीत. गळा कापायची पण. काकांच्या डोळ्यांदेखत! कुठला शहाणा चोर असं करेल? ज्याला पक्कं ठाऊक आहे की काही होणार नाही, तोच. मी कपाटाशी उभी होते. आणि ती बाई तुमच्या गल्ल्यावर बसते. घसा ठणठणीत आहे तिचा."

सूनबाईच्या तोंडून हुंदका फुटला. "त्यानंच मला सांगितलं, आता कुठलाच नंबर चालणार नाही म्हणून. मीच म्हणाले, दिखाव्यापुरता एक करून द्या. मामंजींची सनद गेली असती. दुसऱ्या दिवसापासून ते त्या खाटेवर पडून राहिले असते, वकीलबाई. मी फक्त... नाव सांगायची पाटी लावली. पट्टी धरली. काही वाईट होत नव्हतं. मग हा आला आणि म्हणाला, मी तुमचं झाकलंय, तुम्ही माझं झाका. मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलंच नाही. ओळखते म्हणून सही केली."

"सूनबाई, गप्प बस!" काका गरजले. मान ताठ, दोन्ही हात टेबलावर दाबलेले. "काय चाललंय हे? माझ्या ऑफिसात माझ्याबद्दल? मी इतकी वर्षं पहिला नियम मोडला नाही. म्हणतेय ना ती, आपण आलोच नाही म्हणून? मग आणा तिला! आणा मावशीला इथं, माझ्यासमोर उभी करा! तिच्या तोंडाकडं बघून मी सांगतो, ती होती की नव्हती!"

 बेकरीवाल्यानं टोपी काढली. टायपिस्टनं मान खाली घातली. चष्मेवाला दाराकडं सरकला होता, तो जागच्या जागी थिजला.

मावशी काकांच्या समोरच उभी होती. टेबलाएवढंच अंतर. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वकीलबाईंनी तोंड उघडलं. सगळं सांगून झालं होतं, आता एकच वाक्य उरलं होतं. ते त्यांच्याच्यानं बोलवेना. 

"काय झालं?" काका म्हणाले. त्यांचा आवाज आता एकदम लहान झाला होता. "का गप्प झालात सगळे?"

मावशीनं पुढं वाकून प्लास्टरचा हात उचलला आणि टेबलावर, त्यांच्या बोटांशी ठेवला.

काकांची बोटं दचकली. मग हळूहळू त्या खरखरीत पांढऱ्या कवचावरून फिरली, मनगटापासून वर, कोपरापर्यंत, आणि परत खाली. शिक्क्यावरून अंगठा फिरवायचे, तशीच. पेरांशी आल्यावर ती थांबली. सुईनं टोचून टोचून घट्ट झालेलं बोटाचं टोक त्यांना लागलं.

"तू," ते म्हणाले. "केव्हाची उभी आहेस इथं?"

"तुम्ही बोलवायच्या आधीपासून," मावशी म्हणाली.

काकांनी चष्मा काढला, घडी केली आणि टेबलावर ठेवला. मग चाचपडत दाबयंत्र उचललं आणि वकीलबाईंच्या मघाच्या आवाजाच्या दिशेनं सरकवून दिलं.

"बेकरीवाले आहात ना अजून? ऐका. तू पण ऐक रे, टायपिस्ट, आणि असंच टाइप कर, वर पाठवायचंय. त्या दिवशी कोण आलं, कुणी सही केली, मी पाहिलं नाही." त्यांनी श्वास घेतला. "त्याच्याआधीही बरेच दिवस कुणाला पाहिलेलं नाही. मला दिसत नाही."